गाडीला येणारा एकच शब्द

एकदा एक शिष्य आपल्या गुरूहून अधिक जाणता झाला. निदान त्याला स्वतःला तसे वाटू लागले. अशा गोष्टी आश्रमात घडतात असे आपण ऐकत आलो आहोत. ही घडली मोटारींच्या शोरूममध्ये. नाक मुरडू नका. जिथे एक जण शिकवतो आणि दुसरा मनापासून शिकतो तो आश्रमच, मग खाली शेणाने सारवलेली जमीन असो की तोंड दिसेल अशी फरशी असो.

जिल्ह्याच्या गावाबाहेर, बायपासला लागून ही शोरूम होती. तिथले गुरू म्हणजे भार्गवनाना. उभे आयुष्य त्यांनी गाड्या विकण्यात घालवले. गुडघे गेले तेव्हा त्यांनी विकणे सोडले, पण मालकाने त्यांना सोडले नाही. नव्याने कामाला लागलेल्या मुलांना घडवायचे, एवढेच काम त्यांच्याकडे ठेवले. नाना दाराजवळच्या खुर्चीत बसून असत. बोलत कमी, आणि जे बोलत ते ऐकणाऱ्याला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवे.

शिष्याचे नाव निनाद. मुलगा विलक्षण हुशार. कोणत्या गाडीची डिकी केवढी, कोणती गाडी किती जागेत वळते, टायरात हवा किती भरायची, सगळे तोंडपाठ. समोरच्या शोरूममधल्या गाड्यांचेसुद्धा तोंडपाठ! गिऱ्हाइकाने अर्धा प्रश्न विचारावा आणि याने पूर्ण उत्तर द्यावे. बरोबरीची मुले त्याला चिडवत, "अरे, माणूस हल्ली मोबाइलवर सगळं बघूनच येतो. आपण हसायचं, चहा पाजायचा, किल्ली द्यायची. एवढं पाठ करून तुला काय पद्मश्री मिळणार आहे?" निनाद म्हणे, "ज्याला माहिती नाही त्याने विकू नये." बोलणे अगदी रास्त होते. माझ्यासारख्या माणसाला, ज्याला मिक्सर घेताना दुकानदार 'चांगला आहे, घ्या' यापलीकडे एक अक्षर सांगत नाही, तो मुलगा देवमाणूस वाटला असता.

शिक्षण संपत आले तेव्हा नानांनी त्याला समोर बसवले. बराच वेळ इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर म्हणाले, "एअरबॅग काय करते रे?"

निनादने श्वासही घेतला नाही. "नाना, एअरबॅग एकटी काही करत नाही. ती पट्ट्याची जोडीदार आहे. धडक बसली की पट्टा माणसाला जागेवर धरतो आणि मग एअरबॅग त्याला झेलते. पट्टा नसेल तर माणूस ती पुरती फुगायच्या आधीच पुढे फेकला जातो, आणि तीच त्याच्या तोंडावर येऊन आदळते."

"अगदी बरोबर. हे गिऱ्हाइकाला सांगतोस?"

निनाद हसला. "विचारलं तर सांगीन, नाना. आपण होऊन कशाला घाबरवायचं? माणूस शुभकार्याला आलेला असतो."

नाना नुसते 'हं' म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. खरे सांगू? मला नानांचा इथे राग येतो. त्यांनी तिथल्या तिथे कान धरायला हवा होता. पण शिष्य हुशार असला की गुरूची पकडही जरा सैल पडते, आणि परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवलेल्या मुलाला नापास कसे करणार?

पुढे प्रल्हाद जगदाळे नावाचे एक गृहस्थ गाडी घ्यायला आले. लग्नकार्यात मांडव घालण्याचा त्यांचा व्यवसाय. आयुष्यभर टेम्पोत, बांबूंच्या शेजारी बसून प्रवास केलेला माणूस. पत्नी रेवती बरोबर होती. निनादने दोघांना गाडीभोवती फिरवले, बसवले, उठवले, सहा एअरबॅगा कुठे कुठे आहेत ते बोटाने दाखवले. "वहिनी, काळजीच करू नका. ही गाडी पट्ट्याशिवाय गप्प बसत नाही, इतकी जपते माणसाला." रेवतीवहिनींना त्या एअरबॅगांचे फार अप्रूप वाटले. त्या त्यांना 'फुगे' म्हणत. घरी जाताना पुन्हा एकदा विचारून घेतले, "सहाही फुगे आपल्याच गाडीत ना? जास्तीचे पैसे नाही ना त्याचे?"

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी नाना भाचीच्या लग्नाला गावी गेले होते. शोरूममध्ये आनंदीआनंद होता. बॉनेटवर झेंडूचा हार, आरशाला लाल फीत, चारी चाकांखाली लिंबे. रेवतीवहिनींनी गाडीला ओवाळले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. जगदाळे नव्या पांढऱ्या शर्टात स्टिअरिंगवर बसले. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून त्यांनी पट्टा काही लावला नाही. गाडी हलली, लिंबे चिरडली गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच क्षणी गाडी बोलू लागली. टुण, टुण, टुण.

"अगं बाई, हे काय!" वहिनी दचकल्या, तशी जगदाळ्यांनी गाडी थांबवली. "पहिल्याच दिवशी हिचं रडगाणं? दादा, तेवढी ही कटकट बंद करा ना."

आता ऐका. पट्ट्याच्या टोकाला धातूची जी चपटी पट्टी असते ना, तशी नुसतीच पट्टी बाजारात मिळते. मिळू नये, पण मिळते. क्लिप म्हणतात तिला. ती खाचेत खुपसली की गाडीची समजूत होते, मालकाने पट्टा लावला. निनादच्या खिशात अशा क्लिपा नेहमी असत. गिऱ्हाईक खूश होई, आणि क्लिपेची किंमत ती काय! तो खिडकीतून आत वाकला, 'टक' असा आवाज झाला आणि गाडी गप्प झाली. त्याने नेमके काय केले ते वहिनींना दिसलेही नाही. त्यांना वाटले, काहीतरी बिघडले होते ते पोराने नीट केले.

"याला म्हणतात जाणकार!" जगदाळे म्हणाले आणि त्यांनी पेढ्यांचा आणखी एक पुडा निनादच्या हातात कोंबला. दिवाळीला त्यांच्या धाकट्या भावाने गाडी घेतली, तीही निनादकडूनच. तिथेही टुण टुण झाली आणि तिथेही निनादने ती नीट करून दिली.

मग एके दिवशी पहाटे जगदाळे मांडवाच्या कामाला निघाले. शेजारी त्यांचा जुना कामगार दगडू पट्टा लावून बसला होता. घाट उतरल्यावर वळणावर एक ट्रक दिवे न लावता उभा होता. त्यावर गाडी आदळली. दगडूचा हात मोडला, पण तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. जगदाळे गेले.

चेंदामेंदा झालेली ती गाडी विम्याच्या कामासाठी शोरूमच्या मागच्या आवारात आणून टाकली होती, वर ताडपत्री घालून. निनाद त्या दिवसापासून मागच्या आवाराकडे फिरकला नाही. चहाची टपरी त्याच बाजूला होती. त्याने चहाच सोडला. कुणी विचारले तर म्हणे, पित्त होते. कारण त्याला ठाऊक होते, आणि ठाऊक नाही असे तो रोज सकाळी स्वतःला समजावत होता. अशी समजूत फार दिवस टिकत नाही हो, पण माणूस घालतो.

महिन्याभराने रेवतीवहिनी शोरूममध्ये आल्या. कपाळ मोकळे, हातात पाण्याची बाटली. मॅनेजरांनी त्यांना केबिनमध्ये बसवले. त्या ना रडल्या ना चिडल्या. एवढेच म्हणाल्या, "ज्यांनी गाडी दिली त्या दादांना बोलवा. मला एक विचारायचंय."

मॅनेजर बाहेर आले आणि निनादला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "नीट समजावून सांग त्यांना. वेग, धडकेचा कोन, जे तुला येतं ते सगळं. आपल्या अंगावर येईल असं मात्र एक अक्षर काढू नकोस. तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला येत नाही म्हणून तुलाच पाठवतोय."

निनादने मान हलवली. वाक्ये तयारच होती. 'वहिनी, यात अनेक तांत्रिक घटक असतात' इथून सुरुवात करायची, मग आकड्यांवर आकडे घालत जायचे. समोरच्या माणसाला आपण अडाणी आहोत असे वाटू लागले की तो प्रश्न विचारायचे सोडतो, हे त्याने कधीचे हेरून ठेवले होते.

तो केबिनकडे वळला तोच नानांनी त्याचे मनगट धरले.

"आधी माझ्याबरोबर मागे चल."

"नाना, त्या बाई बसल्यात आत."

"बसू देत. चहा सांगितलाय त्यांना. मला आधी एक गाडी घ्यायचीय. तूच विक."

म्हाताऱ्याला हे काय भलतेच सुचले, असे निनादला वाटले. पण मनगटावरची पकड सैल होईना. आवारात जाऊन नानांनी ताडपत्री ओढली. पुढची काच नव्हती. स्टिअरिंगच्या बाजूचे दार कापून काढले होते. नाना दुखरे गुडघे सांभाळत, कण्हत कण्हत दुसऱ्या बाजूने आत शिरले आणि सीटवरच्या काचा हाताने झाडून बसले.

"ये. स्टिअरिंगवर बस. मी गिऱ्हाईक. मला ही गाडी विक."

"नाना, चेष्टा करू नका हो."

"चेष्टा करायचं वय आहे का माझं? बस म्हणतो ना!"

निनाद बसला. आरशाची लाल फीत अजून तशीच होती. एअरबॅग स्टिअरिंगवरून मांडीपर्यंत लोंबत होती. त्याने सुरुवात केली. पाठांतर चालू राहिले, कारण पाठांतराला मनाची गरज नसते. इंजिन असे, ब्रेक असे, सहा एअरबॅगा. "आणि पुढच्या दोन्ही सीटना पट्टे, धडक बसताच आपोआप आवळले जाणारे," असे म्हणत सवयीने त्याने खांद्यामागून पट्टा ओढायला हात नेला. पट्टा जागच्या जागी गुंडाळलेला होता, नवाकोरा, कधी कुणी अंगावर घेतलाच नव्हता असा. मग हात खाली, खाचेकडे गेला. क्लिप तिथेच होती. गाडी दिली त्या दिवशी, हार-नारळाच्या गर्दीत, त्यानेच बसवलेली.

तो थांबला.

"का थांबलास?" नाना म्हणाले. "पुढे सांग. एवढी सुरक्षित गाडी, मग ही इथे का?"

 निनादने दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"ही गाडी आवारात आणून टाकली त्याच दिवशी मी ती क्लिप पाहिली," नाना म्हणाले. "कुणी घातली ते मला ठाऊक नव्हतं. बाजारातूनही घेऊन घालतात लोक. तुझ्यावर उगाच आळ नको म्हणून गप्प राहिलो. आत्ता तुझा हात जिथे थांबला तिथे मला कळलं." बोलताना त्यांना धाप लागत होती. "बाळा, विकणाऱ्याला गाडीची माहिती किती असावी, असं मला सगळे विचारतात. कुणी म्हणतं थोडी पुरे, कुणी म्हणतं सगळी हवी. तुला तर सगळी होती. त्यातलं एक वाक्य त्या माणसाला पुरलं असतं, आणि ते तुला पाठ होतं, माझ्यासमोर तू ते म्हणून दाखवलंस! अरे, गाडी हा मुका जीव आहे. आपण तिच्या वतीने बोलणारी माणसं. तिला स्वतःहून माणसाला सांगता येतो तो एकच शब्द, टुण टुण. 'बांधून घे रे बाबा', एवढाच त्याचा अर्थ. आपण तिचं कौतुक शंभर तोंडांनी केलं आणि तिचा तेवढा एक शब्द बंद केला. ज्याला माहीत नसतं त्याला देवसुद्धा माफ करतो. आपल्याला माहीत होतं."

आवारात ऊन तापले होते. टपरीवर कुणीतरी हसत होते. निनाद रडायला लागला. नानांनी त्याला जवळ घेतले नाही की पाठीवरून हात फिरवला नाही.

"तू म्हणाला होतास, विचारलं तर सांगीन," ते म्हणाले. "ती बाई विचारायला आली आहे. जा."

निनाद केबिनमध्ये गेला. मॅनेजर टेबलाच्या पलीकडे होते. चहा तसाच होता, वर साय धरली होती. वहिनींनी त्याच्याकडे पाहिले आणि सरळ विचारले.

"दादा, दगडूपुढचा फुगा उघडला. यांच्यापुढचाही उघडला. दगडू वाचला, मग हे का गेले? पोलीस म्हणाले, पट्टा नव्हता. पण पट्टा नसता तर गाडी ओरडली असती ना? तुम्हीच म्हणाला होता, ही पट्ट्याशिवाय गप्प बसत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही बिघाड काढलात, त्यानंतर ती कधीच ओरडली नाही. म्हणजे पट्टा असणारच. मग तुमच्या फुग्यातच काही खोट होती का? मला भांडायचं नाही. नुसतं कळू दे. रात्री झोप येत नाही."

मॅनेजर घाईघाईने म्हणाले, "ताई, यात अनेक तांत्रिक घटक..."

"फुग्यात खोट नव्हती, वहिनी," निनाद म्हणाला. "त्यांनी पट्टा लावला नव्हता. गाडी ओरडली नाही, कारण तिचा आवाज मी बंद केला होता. गाडी नेली त्या दिवशी."

 मॅनेजरांनी खुर्ची मागे सरकवली. "निनाद, आपण काय बोलतोय ते कळतंय का तुला?"

"कळतंय, साहेब."

वहिनींनी बाटलीचे झाकण उघडले आणि पाणी न पिता पुन्हा लावले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे... कटकट बंद करा, असं तर मीच म्हणाले होते."

सत्य सांगितले की मोकळे वाटते असे पुस्तकात लिहिलेले असते. इथे तसे काही झाले नाही. त्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून निनादला वाटले, आपण हिच्या उरावर आणखी एक धोंडा ठेवला. पण आता मागे फिरायला वाट नव्हती, आणि त्याने ती शोधलीही नाही.

"नाही, वहिनी," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

वहिनींनी त्याला क्षमा केली नाही. करायला हवी होती असे म्हणणारे आपण कोण?  त्या एकदम उठल्या.

"भावजींच्या गाडीतही तसंच केलंय ना तुम्ही?"

निनादने मान खाली घातली.

"बाहेर उभी आहे. त्यातूनच आलेय मी. आत्ता चला."

प्रल्हाद जगदाळ्यांचा धाकटा भाऊ गाडीत मोबाइल बघत बसला होता. निनाद खिडकीतून आत वाकला, आधी वाकला होता तसाच, आणि त्याने ती क्लिप उपसून काढली. वहिनी पलीकडून भावजींच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांनी आपला पट्टा खाचेत बसवला. भावजींनी गाडी सुरू केली. गाडी जरा पुढे गेली आणि आवाज सुरू झाला. टुण, टुण, टुण.

"हे काय, परत वाजायला लागलं?" भावजी वैतागले. "वहिनी, बिघडली वाटतं. थांबा, त्या पोराला हाक मारतो."

"बिघडली नाही, भावजी," वहिनी म्हणाल्या. "ती काय सांगतेय ते ऐका."

भावजींनी वहिनींच्या तोंडाकडे पाहिले आणि काही न विचारता पट्टा ओढून लावला. आवाज थांबला. गाडी फाटकातून बाहेर पडून बायपासला लागली.

निनाद क्लिप मुठीत धरून उभा होता. मागून नाना लंगडत आले. मॅनेजर काचेआड फोनवर मालकांशी बोलत होते, आणि ते काय बोलत असतील ते दोघांनाही कळत होते. नानांनी तिकडे लक्ष दिले नाही.

"अशा आणखी किती जणांना दिल्यास?"

निनादने तोंड उघडले. प्रत्येक गाडीची डिकी केवढी, ती किती जागेत वळते, टायरात हवा किती, सगळे त्याला अजूनही तोंडपाठ होते.

"आठवत नाही, नाना," तो म्हणाला.

नानांनी त्याच्या मुठीतली क्लिप काढून घेतली.

"मग आठवायला लाग," ते म्हणाले.